पाणी उतरत नाही

९ जानेवारी

नमस्कार.

आशीर्वाद लिहिण्याइतका हक्क मला आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून नमस्कार लिहिते. वयानं मोठी असून मीच आधी वाकले असं समज आणि पुढचं वाच.

माझं अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. मी तुझ्या बाबांची बायको. तू घर सोडून गेलीस, त्यानंतर काही वर्षांनी आमचं लग्न झालं. आत्यांनी तुला कळवलं होतं म्हणे. पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत एक बाई बसायची, आठवते? टोपी विसरलेल्या पोरांना आत सोडायची नाही आणि सगळ्यांच्या शिव्या खायची? ती मी. एकदा तुलाही परत पाठवलं होतं. तलावावरच्या मास्तरांची मुलगी आहेस हे माहीत असून पाठवलं. नंतर तुझे बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "बरं केलंत." तुझी आई होती तोवर आमची ओळख ती एवढीच. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे बरं.

पत्ता आत्यांकडून घेतला. फोनवर तुला गाठायचा प्रयत्न करून झाला. त्यांचा नंबर ओळखीचा म्हणून तू उचलत नाहीस आणि माझा अनोळखी म्हणून. मग म्हटलं, पत्र लिहावं. ते फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कारण तसं विशेष नाही. त्यांच्या पायांना थोडी सूज आहे. संध्याकाळपर्यंत चपलांचे पट्टे रुततात. मी म्हटलं, एक माप मोठ्या घेऊ या, तर म्हणाले, "या वयात पाय वाढायला लागले, उंचीही वाढेल बघ." एवढं बोलताना दोनदा थांबले, पण थंडीत सगळ्यांनाच दम लागतो. हल्ली पलंगावर न झोपता आरामखुर्चीत बसूनच झोपतात. आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं, असं म्हणतात. वयोमानानं होत असेल. काळजी करण्यासारखं काही नाही.

हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर द्यावंसं वाटलं तर तलावाच्या कचेरीच्या पत्त्यावर दे. खिडकीवर अजून मीच असते. पोरं अजून टोपी विसरतात.

— तुझ्या बाबांच्या घरून


२८ जानेवारी

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: "नेमकं काय झालंय ते लिहा, आडपडदा नको." वाचून हसू आलं. हुबेहूब त्यांची भाषा. तेही पोरांना असंच म्हणतात, उडी मारायची तर मार, काठावर नाचू नकोस.

तर मारते उडी.

त्यांना मागे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. तुला कळवू नका म्हणून त्यांनी आत्यांना शपथ घातली होती. शिट्टी वाजवता वाजवता काठावर खाली बसले. पोरांना वाटलं, मास्तर नवा व्यायाम दाखवताहेत. त्यातून उठले, पण हृदय तेव्हापासून अर्ध्या ताकदीचं झालं. गोळ्यांवर छान चाललं होतं. तलावावर जायचे, खुर्चीत बसून ओरडायचे. या पावसाळ्यानंतर मात्र सूज आली ती उतरेना. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि मी चहा करून आणेपर्यंत तसाच असतो.

आमच्याकडे आता दोन डॉक्टर आहेत. एक हृदयाचे. उंच, घाईत असणारे, सगळं उभ्या उभ्या सांगणारे. दुसऱ्या किडनीच्या डॉक्टरीणबाई. त्या बसून बोलतात आणि बोलताना कागदावर चित्रं काढतात. हृदयाचे म्हणतात, अंगात पाणी साठलंय, ते फुप्फुसात चढतंय, लघवीची गोळी वाढवा. गोळी वाढवली. सूज उतरली, दम कमी झाला, रात्री आडवे झोपले. मला वाटलं, जिंकलो. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वर गेलं. किडनीचं काम किती मंदावलंय ते त्यावरून कळतं, हे तुला कोणी सांगायला नको. बाई म्हणाल्या, "फार पाणी उपसलंत, किडन्या कोरड्या पडताहेत. गोळी कमी करा." कमी केली. आठवडाभरात पुन्हा खुर्ची.

मी बाईंना म्हटलं, तुम्ही दोघं एकदा एका खोलीत बसा आणि काय ते ठरवा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही रोज बोलतो हो. आमचं भांडण नाहीये, आजारच तसा आहे. हृदय जोर लावत नाही, म्हणून किडनीला रक्त पुरत नाही. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून हृदयावर भार येतो. एकाला सावरायला गेलं की दुसरं बिघडतं."

तुझे बाबा कपडे घालत होते. ते म्हणाले, "म्हणजे दोघंही एकमेकांच्या नावानं बोंब मारताहेत आणि दंड मला."

दंड म्हणजे पाणी. दिवसाला एक बाटली मिळते आणि त्यातच चहा, औषधं, सगळं. उभा जन्म पाण्यात काढलेला माणूस, आता बर्फाचा खडा गालात धरून बसतो आणि तो विरघळू नये म्हणून बोलत नाही. मीठ बंद. केळी बंद. बटाटा चिरून पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. मी पण तेच अळणी खाते. त्यांना वाटतं सोबत म्हणून. खरं म्हणजे दोन वेगळ्या भाज्या करायचा मला कंटाळा आहे.

आडपडदा नको म्हणालीस म्हणून आणखी एक लिहिते. मी तुझं नाव काढलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. रागानं नाही. परीक्षेत नापास झालेला पोरगा घरी आल्यावर फिरवतो तसं.


१९ फेब्रुवारी

हे पत्र इस्पितळाच्या उपाहारगृहात बसून लिहिते आहे. टेबल डुगडुगतं, अक्षर सांभाळून घे.

त्यांच्या छातीत कळा यायला लागल्या. जिना चढताना नाही, नुसतं सदऱ्याचं बटण लावताना. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, आणखी एक रक्तवाहिनी तुंबली असणार, आत नळी घालून बघायला हवं, जमलं तर तिथेच स्टेंट बसवू. पण बघायचं तर रक्तात औषध सोडावं लागतं, म्हणजे वाहिन्या चित्रात दिसतात. ते औषध बाहेर टाकायचं काम किडन्यांचं, आणि त्यांच्या किडन्या आधीच टेकीला आलेल्या.

बाई आल्या, खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. म्हणाल्या, "मी स्पष्ट सांगते. हे केलं तर तुमच्या किडन्या बंद पडू शकतात. मग डायलिसिस."

"आणि नाही केलं तर?"

"तर पुढचा झटका कधीही येऊ शकतो."

त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना तुम्ही काय सांगितलं असतं?"

बाई म्हणाल्या, "मी त्यांच्याशी भांडले असते. मग ते म्हणतील ते केलं असतं."

यावर ते हसले. खूप दिवसांनी. आणि म्हणाले, "मग करा. बुडायचंच असेल तर पोहता पोहता बुडेन."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. हो म्हणाले याचा आनंद व्हायला हवा होता. पण डायलिसिस शब्द आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. तुझ्या आईला त्या यंत्रावर नेताना-आणताना त्यांनी जे बघितलं, ते मी बघितलेलं नाही. तू बघितलंयस. मला माहीत आहे ते इतकंच की तिचं ब्लड प्रेशर वाढलेलं वेळेत कळलं नाही, त्यात किडन्या गेल्या, आणि किडन्यांनी खंगवलं तरी शेवटी बंद पडलं ते हृदय. त्यांचं उलट्या बाजूनं सुरू झालं. वाट तीच.

तू तिला आपली किडनी द्यायला निघाली होतीस हेही माहीत आहे. त्यांचा रक्तगट जुळत नव्हता, तुझा जुळत होता, आणि त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन आमच्या घरातून कोणी देणार नाही असं सांगून टाकलं. याच्या पलीकडे ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. लग्नात आपण माणूस घेतो, त्याचं सगळं सामान उचकटून बघत नाही.

परवा सकाळी आत नेणार. कळवते.

तू आलीस तर मी त्यांना आधी सांगणार नाही. त्यांना नको म्हणायला वेळच मिळणार नाही.


१४ मार्च

स्टेंट बसला. हृदयाचे डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीवर बसून बोलले, एवढे खूश होते. छातीत दुखणं थांबलं. दोन दिवस मी वॉर्डभर हवेत चालत होते. शेजारच्या पलंगावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना फुकटची फळंसुद्धा वाटली.

मग लघवी कमी झाली आणि हळूहळू थांबलीच. किडन्यांनी हात टेकले.

मागच्या पत्रात मी तुला "ये" असं सरळ लिहिलं नाही, आडून लिहिलं. तू आली नाहीस. त्याचं वाईट वाटून घेतलेलं नाही. पण तुझं जे उत्तर आलं, त्यानं मी खिडकी बंद करून बसले. बाहेर रांग लागली तरी उघडली नाही. तू लिहिलंस: "माझी किडनी घेतील का ते विचारा. आईसाठी नको म्हणाले होते. आता स्वतःसाठी काय म्हणतात ते मला ऐकायचंय."

मला कळेना की ही भेट आहे की थप्पड. दोन्ही असेल. तरी मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं, म्हणजे आपला पत्रव्यवहार उघडा पडला. दुपारी यंत्राला जोडलेले होते. तिथून उठून जाता येत नाही, म्हणून मुद्दाम ती वेळ धरली. एक शब्द गाळला नाही.

ते बराच वेळ नळीतल्या रक्ताकडे बघत होते. मग म्हणाले, "मासोळीचं अक्षर तसंच आहे का गं अजून?"

मी पत्र समोर धरलं. चष्मा नव्हता. तरी बघत राहिले.

"काय कळवू?"

"नाही म्हणून कळव."

"आणि तिनं विचारलंय त्याचं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

तरीही मी त्यांच्या मागे जाऊन बाईंना विचारलं. तुझ्या वतीनं विचारलं असं समज. त्या म्हणाल्या, "मुलगी देते म्हणाली तरी मी घेणार नाही. मोठं ऑपरेशन आहे. यांचं हृदय टेबलावरच थांबेल. किडनी चांगली असती तर हृदयासाठी आणखी काही करता आलं असतं. हृदय चांगलं असतं तर किडनी बदलता आली असती." एवढं बोलून त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. चित्र काढलं नाही.

तेव्हा या वेळी नकार त्यांचा एकट्याचा नाही, बाईंचाही आहे. तुझ्या मनावर ओझं राहू नये म्हणून हे लिहिते.

डायलिसिस कसं असतं ते तुला सांगायला नको. यांचं मधेच प्रेशर कोसळतं. पायांत गोळे येतात, घाम फुटतो, नर्स धावत येऊन पाय वर करते, यंत्र लवकर थांबवतात. लवकर थांबवलं की पाणी अंगात राहतं. पाणी राहिलं की दम. दम लागला की पुन्हा यंत्र. मधल्या दिवशी जरा बरे असतात, तेव्हा नर्सला हात कसे मारायचे ते शिकवतात. तिला पोहता येत नाही. ती वॉर्डच्या मधोमध उभी राहून हवेत पोहते आणि हे झोपूनच ओरडतात, "कोपर वर! कोपर वर!"

ते बघायला तरी तू हवी होतीस.


६ एप्रिल

थोडक्यात लिहिते.

काल त्यांनी बाईंना सांगितलं की आता यंत्र नको. बाईंनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून बघितलं. वैतागून बोलताय का, दुखणं कमी केलं तर चालवाल का, थोडे दिवस थांबून बघायचं का. ते म्हणाले, "डॉक्टर, मी थकलोय. वैतागलेला नाही. पोरं लांब अंतर पोहताना थकली की मी त्यांना पाण्यातून बाहेर घेत असे. तसं घ्या मला बाहेर."

मी तिथेच होते. मी "नको" म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नंतर आम्ही दोघं घरी आलो आणि मी भाजीत मुठीनं मीठ घातलं, आणि ते मिटक्या मारत जेवले.

बाई म्हणतात, आठवडा, फार तर दोन. दम लागू नये म्हणून औषध दिलंय. त्यानं झोप येत जाईल.

तू ये. आता आडून लिहीत नाही. आजच्या आज नीघ.


२५ मे

तू गेल्यापासून हे पत्र लिहायला घेते आणि ठेवून देते.

स्टेशनवर निघताना तू विचारलंस, "शेवटी नेमकं काय झालं?" मी म्हटलं, शांतपणे गेले. ते खोटं नाही, पण ते सगळ्यांना सांगायचं उत्तर आहे. आत्या होत्या, शेजारी होते, तलावावरची पोरं जिन्यात बसून होती. तुला सांगायचं ते त्या गर्दीत सांगता आलं नाही. आता घरात कोणी नाही.

तुला रजा लवकर मिळाली नाही, हे मला पटलेलं आहे. तू येऊन पोचलीस आणि उंबऱ्यात उभी राहून "कधी?" एवढंच म्हणालीस, मी "काल" म्हणाले, आणि तू बॅग खाली न ठेवता तशीच उभी राहिलीस. त्या वेळी माझ्या मनात तुझ्याबद्दल एक शब्दही वाईट आला नाही. चार दिवस माझ्याशी जेमतेम बोललीस, पण सकाळी उठून माझा चहा केलास. साखर किती लागते हे न विचारता केलास आणि बरोबर केलास. तेवढं मला पुरलं.

आता सांगते.

यंत्र बंद केल्यावर पहिले काही दिवस ते चांगले होते. भूक लागायची, बोलायचे. पाणी हवं तेवढं पिऊ द्या, असं बाईंनी सांगितलं होतं. मी भांडं भरून पुढे केलं, तर दोन घोट घेऊन ठेवून दिलं. म्हणाले, "इतके दिवस वाटायचं, विहीर पिऊन टाकीन. आता नको वाटतंय." मी ते ओतून न देता स्वतः प्यायले. का, मला माहीत नाही.

एका दुपारी खिडकीशी खुर्ची हवी म्हणाले. बसवलं. बराच वेळ रस्त्यावरचं दुरुस्तीचं काम बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मासोळीनं विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

मी म्हटलं, "ती येतेच आहे. तिलाच सांगा."

"मी तिच्या डोळ्यांत बघून सांगू शकणार नाही. तेव्हाही सांगू शकलो नाही. तू सांग."

आता त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. मधे मधे थांबत होते, ते थांबणं गाळते.

"तिच्या आईला किडनी हवी होती. मी मासोळीला सांगितलं की आईही नको म्हणते, तुझी किडनी तिला नकोच आहे. तसं नव्हतं. ती मला म्हणाली होती, पोरगी देतेय तर घेऊ या, मला जगायचंय, मला तिला मोठी झालेली बघायचंय. मला भीती वाटली. एकाच दिवशी दोघींना आत नेतील आणि मी बाहेर बाकावर बसून राहीन. दोघींपैकी एकही परत आली नाही तर? मी बाकावर बसलेला स्वतःला बघत होतो, रोज बघत होतो. म्हणून परस्पर जाऊन नाही सांगितलं. दोघींना दोन गोष्टी सांगितल्या. आईला सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात. मासोळीला सांगितलं, आई नको म्हणते."

मी विचारलं, "आईंना कळलं नाही?"

"कळलं. डॉक्टरच बोलून गेले तिच्यासमोर. घरी आल्यावर ती भांडली नाही. मला म्हणाली, तू पोरीला जपलंस, मला नाही. तुझं बरोबर असेल. पण मला वाईट वाटलं. एवढंच म्हणाली. पुन्हा तो विषय काढला नाही. पोरीला सांगूही नको म्हणाली, ती तुझ्याकडेच राहणार आहे पुढे, असं म्हणाली."

मला राग आला. एवढा आजारी माणूस समोर, पण राग आला. मी म्हटलं, "हे मी तिला सांगणार नाही. तुमच्यावर रागवायला तिच्याकडे आधीच भरपूर आहे. आता जाता जाता ही भर कशाला?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अगं, माझ्यावरचा राग राहू दे. पण तिला वाटतं, तिनं आईला स्वतःतलं काहीतरी देऊ केलं आणि आईनंच ते परत केलं. इतकी वर्षं तिला तसं वाटतंय. आईनं परत केलं नव्हतं. तिला हवं होतं."

मग म्हणाले, "आज तशी वेळ आली तर मी काय करेन, ते मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू? कदाचित पुन्हा घाबरेन. पण खोटं नाही सांगणार."

तुला सांगायचं होतं ते हे. चार दिवस तू माझ्या स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होतीस आणि हे माझ्या घशाशी येऊन परत जात होतं.

त्यानंतर झोप वाढत गेली. तुझा फोन आला तेव्हा ते जवळजवळ सबंध दिवस झोपेतच असायचे. तू म्हणालीस, कानाशी धरा. मी धरला. मला खोलीबाहेर जाता आलं नाही, हात अडकला होता, म्हणून कान दुसरीकडे ठेवले. तरी ऐकू आलंच. तू "बाबा" म्हणालीस आणि मग पुष्कळ वेळ नुसता गाडीचा आवाज. मग म्हणालीस, "मी निघालेय." त्यांनी ऐकलं का, हे तू मला दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा हो म्हणाले. खरं म्हणजे मला सांगता येणार नाही. भुवई हलली होती. पण माशी बसली तरी ती हलायची. तू आडपडदा नको म्हणालेली आहेस, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे पाय पुसत होते. पाय वीतभर सुजलेले. श्वास मोठ्या मोठ्या अंतरानं यायचा. मी एकेक श्वासाची वाट बघत होते आणि एकाची वाट बघता बघता माझ्या लक्षात आलं की आता तो यायचा नाही. तरी मी दुसरा पाय पुसून संपवला. अर्धवट सोडवेना.

एवढंच झालं.

आता एक काम सांगते आणि ते तू करायचं आहे. परवा मी बाईंकडे गेले होते. उरलेली औषधं परत करायचं निमित्त केलं, खरं तर त्यांच्या खोलीत बसायचं होतं. त्यांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, आईच्या किडन्या, बाबांचं हृदय, आणि मग बाबांच्याही किडन्या. बाई म्हणाल्या, "मग मुलीनं थांबू नये. ब्लड प्रेशर बघायचं, लघवी तपासायची, रक्त तपासायचं. दरवर्षी. यातलं काहीही बिघडायला लागलं तरी पुष्कळ दिवस दुखत-खुपत नाही, म्हणूनच माणसं उशिरा येतात." मी विचारलं, "तिच्या आईचं असंच राहून गेलं का?" त्या म्हणाल्या, "बहुतेकांचं असंच राहून जातं."

तू घाईघाईत जिना चढून आलीस तेव्हा कठड्याला धरून उभी राहिली होतीस. प्रवासानं असेल. रडण्यानं असेल. मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते आहे.

तू माझी मुलगी नाहीस आणि मला ते नातं ओढून आणायचं नाही. माझ्यावर रागव, त्यांच्यावर रागव, हे पत्र फाड. पण तपासून ये. आणि जे निघेल ते मला लिही. सगळं चांगलं निघालं तरी लिही, दोनच शब्द लिही. सकाळी उठल्यावर कोणाच्या पायांना सूज आहे हे बघायची मला सवय लागली आहे, आणि आता बघायला कोणी नाही.

— मी